वाट न पाहणारी आई

कुंदा,

तू गेल्यापासून सगळे माझ्याशी फार गोड वागताहेत. कुणी डबा आणून देतं, कुणी "विजूताई, काही लागलं तर हक्काने सांगा" म्हणतं. मी काहीही बोलले तरी समोरचा नुसती मान डोलावतो. काल मी मुद्दाम म्हणाले, हल्लीच्या कवींना काडीची अक्कल नाही. तर तेही सगळ्यांनी निमूट ऐकून घेतलं. तू असतीस तर हातातला कप खाली ठेवून "कोणते कवी? काय वाचलंस? नाव सांग" म्हणून माझ्या मागे लागली असतीस. मला भांडायला माणूस उरलेलं नाही, आणि त्याचा एवढा त्रास होईल असं वाटलं नव्हतं.

मंडळाच्या प्रसादने तुझ्यावर ईमेल पाठवली. तुझ्या डिग्र्या, लॅबमधली नोकरी, मंडळात सांभाळलेली पदं, सगळं ओळीने दिलंय. शेवटी "एक हसतमुख व्यक्तिमत्त्व" असंही आहे. मी दोनदा वाचली आणि विचारात पडले, ही बाई कोण? हसतमुख कधी होतीस गं तू? समोरच्याचं म्हणणं खोडून काढताना तेवढं हसू यायचं तुझ्या तोंडावर.

मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. तुझी रिया हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा तू गेलेली होतीस. तिने मला एकच विचारलं, आई माझी वाट बघत होती का? मी तिला उत्तर दिलं. ते बरोबर दिलं की चूक, हे ठरवणारी तूच होतीस. आणि ते उत्तर कळायचं तर आपला तो कवितेवरचा जुना वाद पुन्हा उकरावा लागेल. तुझी काही हरकत नसणार.

ती कविता सगळ्यांना पाठ आहे, आणि तू म्हणायचीस, पाठ आहे म्हणूनच कुणी ती वाचलेली नाही. तिच्यात घडतं ते इतकंच. संध्याकाळ होते. एक बाई अंगण झाडते, गुरं आत घेते, चुलीवर भात ठेवते, देवाजवळ दिवा लावते, जेवते, आणि शेवटच्या कडव्यात दाराला कडी घालून अंथरुणावर पडते. मुलगा लांबच्या देशी गेलाय, एवढं मधे एका ओळीत येऊन जातं. शाळेत आपापल्या बाईंनी शिकवलं की ही वाट पाहणारी आई. तू नागपुरात तेच लिहिलंस, मी पुण्यात तेच लिहिलं, दोघींना मार्क मिळाले. आणि इथे अमेरिकेत आल्यावर तर ती कविता आपल्या सगळ्यांची कुलदेवता झाली. कुठलाही कार्यक्रम असो, कुणीतरी उठून ती म्हणतं, आणि ज्यांच्या आया तिकडे एकट्या आहेत ते सगळे डोळ्यांना रुमाल लावतात. मीही लावायचे.

रिटायर झाल्यावर तू एका सकाळी मला फोन केलास. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "विजू, यात ती वाट कुठे बघतेय?"

"कशात?"

"अगं, त्या कवितेत. पूर्ण वाचली मी. ती एकदाही दाराबाहेर बघत नाही. एकदाही मुलाचं नाव घेत नाही. लॅबमध्ये जे दिसलं नाही ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं असतं तर मला हाकलून दिलं असतं."

"मी इन्शुरन्समध्ये होते, कुंदा. आमचा धंदाच न दिसलेल्या गोष्टींवर चालतो," मी म्हटलं. तू फोन ठेवून दिलास.

मग तुझं संशोधन सुरू झालं. उन्हाळ्यात आपल्याकडे वेस्ट विंडसरला मुलांकडे राहायला आलेल्या आया तळ्याभोवती फेऱ्या मारतात ना, साडीवर पांढरे बूट घालून, त्यांना तू गाठायला लागलीस. मी शरमेने चार पावलं मागे चालायचे. तू सरळ विचारायचीस, "मावशी, तिकडे असता तेव्हा मुलाची वाट बघता का हो तुम्ही?" बहुतेक जणी डोळ्यांत पाणी आणून हो म्हणायच्या. तू त्यांना सोडायची नाहीस. "म्हणजे संध्याकाळी नक्की काय करता?" सांगलीच्या एका मावशींनी शेवटी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कसली वाट बघतेय! मला भजनाला जायचं असतं. याचा फोन नेमका मी चप्पल घालताना येतो आणि संपता संपत नाही." पुढच्या वळणावर त्या पुन्हा थांबल्या. "पण हे त्याला सांगू नका हं. त्याला वाटतं मी फोनपाशी बसून असते. वाटू दे बिचाऱ्याला."

त्या दिवशी घरी येईपर्यंत तू हवेत होतीस. मी म्हटलं, एका बाईच्या भजनावरून कवितेचा अर्थ ठरत नाही. तू म्हणालीस, तुझ्या रडण्यावरूनही ठरत नाही.

पुढे जो घोळ झाला तो आपल्याच लोकांत होऊ शकतो. तू प्रसादला म्हणालीस, मला त्या कवितेवर व्याख्यान द्यायचंय. प्रसाद म्हणाला, "काकू, यू आर द बेस्ट! मदर्स डेला आपल्याकडे स्लॉट आहे, आईच्या कवितेवर आईनेच बोलायचं, परफेक्ट यार!" तू काय बोलणार आहेस हे त्याने विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. त्यामुळे मिडल स्कूलच्या त्या हॉलमध्ये स्टेजवर थर्माकोलची हातभर उंचीची 'आई' ही अक्षरं, त्यांच्याभोवती दिव्यांची माळ, दाराशी प्रत्येक आईला द्यायला गुलाबी फुलांच्या बादल्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तू उभी, वाट न पाहणाऱ्या आईबद्दल बोलायला.

रिया तेव्हा जर्सी सिटीत होती. तिने यावंच असा तू हट्ट धरला होतास. ती बिचारी ट्रेनने आली, पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली. "मावशी, यू विल ट्रान्सलेट द हार्ड पार्ट्स, राइट?" म्हणाली. मी म्हटलं, जमेल तसं करते.

तू कविता वाचायला सुरुवात केलीस, सावकाश, चाल न लावता. दुसऱ्या ओळीला अख्खा हॉल तुझ्यात सामील झाला, शाळेतल्या चालीवर. तुला वाटलं होतं हे लोक ऐकतील! त्यातही पुण्याची चाल वेगळी, विदर्भाची वेगळी. तिसऱ्या कडव्याला दोन्ही चाली एकमेकींवर आपटल्या, कोण कुठे आहे कुणाला कळेना, पण मागे हटायला कुणी तयार नाही. तू माइकपाशी हात बांधून उभी राहिलीस. सगळे दमून थांबले तेव्हा म्हणालीस, "आपण आत्ता कविता वाचली नाही. आपण आपापली शाळा आठवली. आता वाचू या."

पुढचं सगळं मला आठवतं. इतकी वर्षं तुझ्याशी भांडण्यासाठी म्हणून मी ते लक्षात ठेवलं. तू म्हणालीस, "या बाईला काम आहे. ती दमलेली आहे. ती जेवली, हे कवीने स्पष्ट लिहिलंय. तिला उपाशी कुणी ठेवलं? आपण. तिला दारात कुणी उभं केलं? आपण. आपण निघून आलो, म्हणून आपल्याला दारात कुणीतरी हवं होतं. मागे कुणी झुरत असलं की आपलं जाणं मोठं ठरतं. ती मुलावर प्रेम करत नाही असं मी म्हणत नाही. पण तिला तिची संध्याकाळ आहे. तिला घरात येऊ द्या, झोपू द्या." मग तू थांबलीस आणि आमच्या रांगेकडे बघून इंग्रजीत म्हणालीस, "शी इज नॉट वेटिंग. शी हॅड अ गुड डिनर अँड शी स्लेप्ट वेल." संपूर्ण व्याख्यानात एवढंच इंग्रजी. मला वाटलं, तोंडातून निसटलं असेल.

हॉलमध्ये एकाने टाळी वाजवायला घेतली आणि अर्ध्यावर थांबवली. मागून एक काका उठले. वयाने आपल्यापेक्षा मोठे, आवाज कापत होता. "माझी आई माझी वाट बघत बघत गेली. तुम्ही कोण सांगणार?"

तू खाली आलीस, त्यांच्यापाशी गेलीस. "काका, वाट बघत होती असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बहिणीने."

"मलाही माझ्या बहिणीने तेच सांगितलं होतं, शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती म्हणून. काका, माझी आई शेवटचा आठवडा शुद्धीवर नव्हती. उशिरा पोचलेल्याला हेच सांगायची आपल्याकडे पद्धत आहे."

काका मटकन खाली बसले. ते रडले की नाही मला दिसलं नाही. प्रसादने धावत जाऊन माइक घेतला. "थँक यू सो मच, कुंदा काकू, खूपच डिफरंट... लंच इज रेडी, प्लीज, आधी लहान मुलं!" आणि लहान मुलं फुलं वाटायला लागली. एकीने तुलाही दिलं. ते तू कानामागे खोचलंस आणि मसालेभाताच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. तुझ्या मागेपुढे जरा जास्तच जागा सुटली होती.

घरी मी गाडी चालवत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तुला वाटलं, काकांना तोडून बोललीस म्हणून. तसं नव्हतं, कुंदा. आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पुण्यात पोचले होते. दादाने दारातच सांगितलं, "शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती." त्या वाक्याने माझं काळीज फाटलं, आणि तेच वाक्य मी इतकी वर्षं जवळ बाळगलं होतं. मी नव्हते तरी मी तिच्या डोळ्यांसमोर होते, एवढं तरी मला त्यातून मिळालं होतं. आणि तू स्टेजवर उभी राहून म्हणत होतीस, ही सांगायची पद्धत आहे.

मी गाडी कडेला घेतली आणि तुला हे सगळं सांगितलं. किंचाळूनच सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "विजू, तुझ्या दादाने तुझ्या डोक्यावर ओझं ठेवलं आणि तू ते दागिन्यासारखं मिरवतेस." मी म्हटलं, उतर गाडीतून. तू खरंच उतरलीस आणि पदपथावरून चालायला लागलीस. मग मी हळूहळू गाडी तुझ्या बाजूने नेत राहिले, मागचे हॉर्न वाजवताहेत, आणि तू मान ताठ. शेवटी पाय दुखायला लागले तेव्हा गपचूप येऊन बसलीस. "मसालेभात छान होता," म्हणालीस.

त्यानंतर आपण त्या वादातून कधी बाहेर आलोच नाही. ग्रोसरीत भेंडी निवडताना मी म्हणायचे, कडी घातली म्हणून काय झालं? कडी ती चोरासाठी घालते, मुलगा आला तर हाक मारेलच की. तू भेंडीचं टोक मोडत म्हणायचीस, वाट बघणारी बाई जागी राहील, आडवी होणार नाही. मी म्हणायचे, आडवं होणं म्हणजे झोपणं नव्हे. त्यावर तू एकदाच म्हणालीस, "पॉइंट आहे. बघते." तेवढ्या चार अक्षरांवर मी महिनाभर खूश होते. तू काही पुन्हा बघितलं नाहीस, किंवा बघितलं असशील तर सांगितलं नाहीस. आपलंच घोडं दामटायची सवय तुझी.

पण एक सांगते, जे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. गाडीतल्या तुझ्या त्या ओझ्याच्या वाक्यानंतर मी माझ्या लेकाला, नितीनला, "कधी येतोस" असं विचारायचं बंद केलं. आधी प्रत्येक फोनला विचारायचे आणि तो प्रत्येक फोनला कारणं द्यायचा. बंद केल्यावर तो जास्त बोलायला लागला. हे तुला कळलं असतं तर तू चढून बसली असतीस, म्हणून गप्प राहिले. कबूल करायला हवं होतं. उपकार होते ते तुझे.

तुझं दुखणं निघालं तेव्हा रिया तिकडे अटलांटाजवळ अल्फारेटाला होती. तिकडच्या नोकरीत रमली होती, घर घेतलं होतं. तू तिला अर्धंच सांगितलंस. "उगाच ती पळत येईल, माझं काय, मी जेवते, झोपते." मी म्हटलं, कुंदा, ही कविता नव्हे, तिला खरं सांग. तू म्हणालीस, "मी व्याख्यान दिलंय बाप्पा, आता पाळावं लागेल." आपण दोघी हसलो. किमोच्या खुर्चीत बसून इतकं हसणारी बाई त्या नर्सनेही पाहिली नसेल.

मग त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलवा. मी फोन केला. रिया तशीच एअरपोर्टवर गेली. आणि अटलांटाला वादळ आलं.

आता हे तुलाच सांगते, तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही. दुपारभर तू वाट बघितलीस. मी शेजारी बसून होते. तुला बोलणं जड जात होतं, बाकी सगळ्याला तू मानेनेच हो-नाही करत होतीस. पण थोड्या थोड्या वेळाने डोळे उघडून तेवढं एक विचारत होतीस, "कुठवर आली?" माझ्या फोनवर तिचं विमान दिसत होतं, नकाशावरचं ते चिमुकलं विमान, आणि ते अटलांटातच उभं होतं. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, अजून निघाली नाही. तू डोळे मिटलेस आणि डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. तुला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं गं. शरद गेला आणि तू एकटी झालीस तेव्हाही नाही.

पुढच्या वेळी विचारलंस तेव्हा मी म्हटलं, निघाली. नंतर म्हटलं, व्हर्जिनियावर आलीये. विमान होतं तिथेच होतं. तू प्रत्येक वेळी किंचित मान हलवायचीस. नर्स आत आली की बुटांचा आवाज ऐकून तुझा चेहरा दाराकडे वळायचा, आणि ती नर्स आहे हे दिसल्यावर परत फिरायचा. संध्याकाळी मी म्हटलं, "कुंदा, उतरली. टॅक्सीत बसली." तू माझा हात धरला होतास. त्यानंतर तू विचारलं नाहीस. माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस की मला ओळखून गेलीस, ते मला कधीच कळणार नाही.

विमान त्यानंतर निघालं.

रिया आली तेव्हा तिच्या पाठीवर ऑफिसची बॅग होती, तशीच होती. तुझ्याजवळ बराच वेळ उभी राहिली, तुझे केस नीट केले. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशी, टेल मी द ट्रुथ. आई माझी वाट बघत होती का? वॉज शी वेटिंग फॉर मी?"

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. आपल्याकडे हेच सांगतात, आणि या वेळी ते अक्षरशः खरं होतं. दादाने मला दिलं तसं मी तिला द्यायचं, आणि तिने ते जन्मभर वागवायचं. शिवाय आपल्या वादाचा निकाल त्यात होता. तू हरली होतीस, कुंदा, आणि ते बघायला मी एकटीच होते.

मी म्हटलं, "नाही गं. दुपारी दोन घोट चहा घेतला, बेचव आहे म्हणून नावं ठेवली, आणि झोपली. शांत झोपली होती."

रिया माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पकडलं हिने. तुझी मुलगी आहे ती. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. रडता रडता म्हणाली, "ओके. ओके. दॅट्स गुड. शी सेड शी वुडन्ट."

"कधी म्हणाली?"

"तेव्हा, मदर्स डेला. मावशी, मला अल्फारेटाची ऑफर आली होती. मी नो म्हणणार होते. बाबा नव्हते, आई एकटी. आय टोल्ड हर, मी जात नाही. शी जस्ट सेड, मदर्स डेला ये. अँड देन शी स्टूड देअर आणि सगळ्यांसमोर मला सांगितलं, शी इज नॉट वेटिंग. मी नेक्स्ट डे ऑफर ॲक्सेप्ट केली."

मी शेजारीच बसले होते त्या दिवशी. भाषांतर करत होते! आणि मला वाटलं तू आम्हा सगळ्यांशी बोलते आहेस. ते मंडळ, ते काका, माझा तिळपापड, भेंडीच्या ढिगाशेजारी घातलेले आपले वाद, सगळे तुझ्या दृष्टीने श्रोत्यांच्या मागच्या रांगाच होत्या ना? कवितेचा तो अर्थ तुला खरा वाटत होता की रियाला जाता यावं म्हणून तू तो शोधलास? विचारायचं राहून गेलं. मला वाटतं, सुरुवात खऱ्यानेच झाली असणार; तू खोट्यासाठी एवढ्या फेऱ्या मारणारी नव्हेस. पण शेवटच्या दुपारी तू त्या बाईसारखी झोपू शकली नाहीस. मला तुझा राग येतो, तू मला हे बघायला लावलंस म्हणून. आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, बरं झालं मी होते, दुसरं कुणी असतं तर त्याने रियाला ते भाबडेपणाने सांगून टाकलं असतं.

दादाने मला सांगितलं ते खरं होतं का, हे आता मी त्याला विचारणार नाही. खरं असेल तर आईच्या त्या दुपारी कशा गेल्या असतील ते मी आता पाहिलंय. इतकी वर्षं ते माझ्या वाट्याचं काहीतरी म्हणून मी जपलं, पण त्या वाटेवर डोळे लावून पडलेलं माणूस कसं दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिची दुपार तुझ्यासारखी गेली नसूदे. ती झोपलेली असूदे.

येत्या रविवारी मंडळाने तुझ्यासाठी सभा ठेवली आहे, त्याच हॉलमध्ये. प्रसाद म्हणाला, विजूताई, तुम्ही त्या लेक्चरबद्दल बोला, काकूंचं तेच सगळ्यांना आठवतंय. ते काकाही येणार आहेत म्हणे. रिया पहिल्या रांगेत असेल. मी उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे की कुंदाने लावलेला अर्थ बरोबर होता, मी तिच्याशी उगाच भांडत होते, आणि तिने तो शेवटच्या दिवशी पाळून दाखवला. माझा आवाज कापला तर लोक समजून घेतील. तू असतीस तर म्हणाली असतीस, पुराव्याशिवाय बोलू नकोस. पुरावा मी एकटी आहे, कुंदा, आणि मी बोलणार नाही.

खरं तेवढं तुझ्यापाशी लिहून ठेवलं. कुठेतरी ठेवायलाच हवं होतं, नाहीतर माझ्याच्याने रविवारपर्यंत निभलं नसतं. रियाला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. रविवारच्या मराठी शाळेत तिला घातलं नाही म्हणून तू किती हळहळायचीस, आणि तुझ्याबरोबर मीही. आज पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटतंय.